फ्लीटवुड मॅक
विख्यात ब्रिटिश-अमेरिकन रॉक वाद्यवृंद. पीटर ग्रीन या गिटारवादकाने १९६७ च्या उन्हाळ्यात लंडन येथे तो स्थापन केला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रूमर्स’ या ध्वनिमुद्रिकेमुळे या वाद्यवृंदाचे नाव जगभर पोहोचले. तथापि त्याची पहिली पाच वर्षे सर्वस्वी निराळ्या वळणाची होती. त्या काळात तो ब्लूज संगीत वाजविणारा वाद्यवृंद होता आणि त्याचे स्वरूप पीटर ग्रीन, जेरेमी स्पेन्सर व डॅनी कर्वन या तीन गिटारवादकांनी घडविले. हे तिघेही १९७० ते १९७२ या अवघ्या सव्वादोन वर्षांच्या अवधीत, प्रत्येक जण वेगळ्या कारणाने, वाद्यवृंदापासून दूर झाले. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या आरंभीच्या कालखंडाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेला गीतप्रकार. गुलामगिरीच्या काळातील श्रमगीते, शेतातील हाळ्या आणि चर्चमधील भजने यांतून तो आकारास आला. त्याची रूढ रचना बारा विभागांच्या आवर्तनाची असून प्रत्येक विभाग चार मात्रांचा असतो. पहिले चार विभाग षड्जाच्या स्वरसंघातावर, पुढील दोन मध्यमाच्या व त्यानंतरचे दोन पुन्हा षड्जाच्या संघातावर उभे असतात. नवव्या विभागात पंचमाचा व दहाव्यात मध्यमाचा संघात येऊन अखेरच्या दोन विभागांत गायक षड्जावर परततो. गीताची पहिली ओळ दोनदा म्हणून तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देण्याचा प्रघात आहे. गंधार व निषाद हे स्वर शुद्ध आणि कोमल यांच्या मधोमध, किंचित उतरवून लावले जातात व त्यांतूनच या गायनाला त्याचा कारुण्यपूर्ण रंग प्राप्त होतो. गायकाच्या प्रत्येक चरणाला गिटार जे उत्तर देते, ते आपल्याकडील सवाल-जवाबाची आठवण करून देणारे असते. गिटारची तार पडद्यावर आडवी ओढून स्वर चढविण्याची क्रिया सतारीवरील मींडेच्या जातीची आहे. तर बोटात काचेची वा धातूची नळी घालून ती तारांवरून सरकविण्याचे तंत्र विचित्रवीणेच्या वादनाशी साम्य दाखविते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे रोजगारासाठी उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतरित झाली व त्यांच्याबरोबर ब्लूजही शिकागोस पोहोचला. तेथील गजबजलेल्या मद्यगृहांत साध्या गिटारचा आवाज पुरेसा नसल्याने विद्युत् गिटार वापरात आली. मडी वॉटर्स, एल्मोर जेम्स, हाउलिन वुल्फ, ओटिस स्पॅन इ. कलावंतांनी शिकागो शैली सिद्ध केली. १९५८ मध्ये मडी वॉटर्सने इंग्लंडचा दौरा केला. तेथे त्याच्या विद्युत् गिटारने श्रोते प्रथम बिचकले व नंतर भारावून गेले. १९६१ मध्ये अलेक्सिस कॉर्नर व सिरिल डेव्हिस यांनी ‘ब्लूज इन्कॉर्पोरेटेड’ हा वाद्यवृंद काढला. मायदेशात उपेक्षित राहिलेल्या या संगीताला इंग्लंडमधील तरुण पिढीत असा निष्ठावंत शिष्यवर्ग लाभला. जॉन मेऑल (१९३३–२०२४) याचा ‘ब्लूजब्रेकर्स’ हा वाद्यवृंद म्हणजे या शिष्यवर्गाची जणू पाठशाळाच होती. एरिक क्लॅप्टन १९६६ मध्ये तेथून बाहेर पडला व त्याच्या जागी पीटर ग्रीन आला.

स्थापना : पीटर ग्रीन (२९ ऑक्टोबर १९४६–२५ जुलै २०२०) याचे मूळ आडनाव ग्रीनबॉम. लंडनच्या बेथनल ग्रीन या कष्टकरी वस्तीतील एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. क्लॅप्टनसारख्या लोकप्रिय वादकाची जागा घेणे सोपे नव्हते. परंतु ‘अ हार्ड रोड’ (१९६७) या मेऑलच्या ध्वनिमुद्रिकेतील ‘द सुपरनॅचरल’ या वादनाने ग्रीनचे स्वतंत्र अस्तित्व प्रस्थापित केले. ब्लूजब्रेकर्समध्ये जॉन मॅकव्ही (जन्म १९४५) हा बास गिटार वाजवीत असे, तर मिक फ्लीटवुड (जन्म १९४७) हा काही आठवडेच तेथे ड्रमवादक होता. मेऑलने ग्रीनला ध्वनिमुद्रणगृहातील काही वेळ भेट म्हणून दिला असता त्याने या दोघांना घेऊन काही रचना मुद्रित केल्या. त्यांपैकी एका वादनाला त्याने आपल्या दोन साथीदारांच्या आडनावांवरून ‘फ्लीटवुड मॅक’ असे नाव दिले. पुढे स्वतःचा वाद्यवृंद काढताना त्याने हेच नाव निवडले. मॅकव्ही त्या वेळी मेऑलकडील नियमित वेतन सोडण्यास तयार नव्हता, तरीही नाव बदलण्यात आले नाही. प्रमुख गायक, गीतकार व गिटारवादक ग्रीन स्वतः असताना वाद्यवृंदास तालवादकांचे नाव मिळावे, ही गोष्ट त्याच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे. वाद्यवृंदाच्या पुढील इतिहासातही ती निर्णायक ठरली.

१३ ऑगस्ट १९६७ रोजी विंडसर येथील जॅझ व ब्लूज महोत्सवात वाद्यवृंदाने प्रथम कला सादर केली. त्या वेळी बॉब ब्रनिंग हा तात्पुरता बास-वादक होता; काही आठवड्यांतच मॅकव्ही येऊन मिळाला. दुसरा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर (जन्म ४ जुलै १९४८) हा निर्माता माइक व्हर्नन याच्या शोधातून सापडला. स्पेन्सर एल्मोर जेम्सचा एकनिष्ठ अनुयायी होता व नळी सरकवून वाजविण्याच्या तंत्रात निष्णात होता. रंगमंचावर तो इतर गायकांच्या विनोदी, प्रसंगी शिष्टाचार ओलांडणाऱ्या नकला करी. खासगी जीवनात मात्र तो अबोल व बायबलच्या वाचनात रमणारा होता. ‘फ्लीटवुड मॅक’ ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९६८ मध्ये ‘ब्लू होरायझन’ या संस्थेने प्रकाशित केली. एखादेही गाजलेले गीत पाठीशी नसताना ती ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत चढली. त्याच वर्षी आलेल्या ‘मिस्टर वंडरफुल’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत ‘चिकन शॅक’ या वाद्यवृंदातील क्रिस्टीन परफेक्ट हिने पियानोची साथ केली. पुढे मॅकव्हीशी विवाह करून ती क्रिस्टीन मॅकव्ही (१९४३–२०२२) या नावाने प्रसिद्धीस आली.

ग्रीनची वादनशैली : समकालीन गिटारवादकांचा कल वेगाकडे व आवाजाच्या प्रचंडतेकडे असताना ग्रीनने संयमाचा मार्ग पत्करला. मोजके स्वर, त्यांच्यामधील अर्थपूर्ण विराम, सावकाश घेतलेली आंदोलने आणि स्वर विरेपर्यंत त्याला धरून ठेवण्याची क्षमता ही त्याच्या वादनाची वैशिष्ट्ये होत. त्याचे गायनही याच जातीचे, दाबलेल्या भावनेचे होते. विख्यात ब्लूज-वादक बी. बी. किंग याने ग्रीनच्या नादमाधुर्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे.

या नादामागे एक तांत्रिक योगायोगही होता. ग्रीनच्या १९५९ सालच्या ‘गिब्सन लेस पॉल’ गिटारमधील दोन ध्वनिग्राहकांपैकी एकाच्या चुंबकाची दिशा उलटी झालेली होती. त्यामुळे दोन्ही ध्वनिग्राहक एकाच वेळी चालू केले असता त्यांच्याकडून येणारे विद्युत् स्पंद परस्परविरुद्ध कलेत येत व एकमेकांना अंशतः छेदून टाकीत. परिणामतः खर्जाचा भरीवपणा कमी होऊन किंचित पोकळ, अनुनासिक असा आवाज निघे. सदोष मानता येईल अशा या गुणधर्माचा ग्रीनने कलात्मक उपयोग करून घेतला. तथापि ही गिटार हाती आलेल्या इतरांना ग्रीनचा नाद आपोआप साधला नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. त्यातील मोठा वाटा बोटांचाच होता.

‘ब्लॅक मॅजिक वूमन’ (१९६८) या गीतात ग्रीनने ब्लूजची चौकट कायम ठेवून तिला लॅटिन अमेरिकन लयीची जोड दिली. हे गीत ब्रिटनमध्ये सदतिसाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. परंतु १९७० मध्ये सँटाना या अमेरिकेतील वाद्यवृंदाने ते ‘अब्रॅक्सस’ या ध्वनिमुद्रिकेत सादर करताच जगभर लोकप्रिय झाले. हे गीत मूळचे ग्रीनचे होय, ही गोष्ट आजही अनेक श्रोत्यांस ठाऊक नसते.

कर्वनचे आगमन : स्पेन्सरला एल्मोर जेम्सच्या शैलीबाहेर फारसा रस नसल्याने ग्रीनला आपल्या नव्या रचनांसाठी जोडीदाराची उणीव भासू लागली. ऑगस्ट १९६८ मध्ये त्याने डॅनी कर्वन (१३ मे १९५०–८ जून २०१८) या अठरा वर्षांच्या वादकास वाद्यवृंदात आणले. दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन येथे वाढलेल्या कर्वनच्या वादनात तीव्र कंप आणि सुरेलपणा यांचा संगम होता. ब्लूजखेरीज जुन्या जॅझ संगीताचाही त्याच्यावर प्रभाव होता. एक वाद्यवृंद, तीन गिटारवादक व तिघांच्या तीन भिन्न वाटा, अशी विरळा परिस्थिती त्यामुळे निर्माण झाली.

या मीलनाचे पहिले फळ म्हणजे ‘अल्बट्रॉस’ (नोव्हेंबर १९६८) हे शब्दविरहित वादन. संथ भरती-ओहोटीसारखी लय, दोन-तीन स्वरसंघातांचा आधार आणि परस्परांपासून ठराविक अंतर राखून चालणाऱ्या गिटारच्या दोन स्वररेषा एवढीच त्याची सामग्री. फ्लीटवुडने ड्रमवर नेहमीच्या काठ्यांऐवजी मऊ टोकाच्या काठ्यांचा वापर करून लाटांचा आभास निर्माण केला. स्पेन्सरने या वादनात भाग घेतला नाही. जानेवारी १९६९ अखेर ‘अल्बट्रॉस’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. वाद्यवृंदाच्या एकगीती ध्वनिमुद्रिकांपैकी त्या देशात हा मान मिळविणारी ती एकमेव होय. बीटल्सच्या ‘सन किंग’ या गीतावर या वादनाची छाया आहे, हे जॉर्ज हॅरिसनने मान्य केले होते.

शिकागोतील ध्वनिमुद्रण : ४ जानेवारी १९६९ रोजी वाद्यवृंदाने शिकागो येथील चेस संस्थेच्या ध्वनिमुद्रणगृहात ओटिस स्पॅन, विली डिक्सन, वॉल्टर ‘शेकी’ हॉर्टन, जे. टी. ब्राउन, ‘हनीबॉय’ एडवर्ड्‌स, बडी गाय इ. ज्येष्ठ कलावंतांसमवेत वादन केले. बडी गाय अन्य संस्थेशी करारबद्ध असल्याने ध्वनिमुद्रिकेवर त्याचा उल्लेख ‘गिटार बडी’ असा करावा लागला. जे. टी. ब्राउन हा सॅक्सोफोनवादक एकेकाळी खुद्द एल्मोर जेम्सचा साथीदार होता. त्याच्या साथीने जेम्सची गीते वाजविणे ही स्पेन्सरच्या दृष्टीने गुरुघरची हजेरीच होती. लागलीच ग्रीन, कर्वन व मॅकव्ही यांनी स्पॅनच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेसही साथ केली. स्पॅन पुढच्याच वर्षी मरण पावला.

या घटनेचे महत्त्व केवळ संगीतापुरते नाही. ज्या समाजाने ब्लूज निर्माण केला त्याच्या वाट्याला कीर्ती व द्रव्य अल्प आले. तेच संगीत वाजवून इंग्लंडमधील गोरे तरुण मात्र नावारूपास आले, असा आक्षेप या चळवळीवर घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. ग्रीनच्या बाबतीत एवढे म्हणता येईल, की त्याला या ऋणाची जाणीव होती व अनुकरणातून बाहेर पडून स्वतःचे दुःख स्वतःच्या भाषेत मांडणे, हीच त्या ऋणाची खरी फेड आहे, असे त्याचे १९६९ नंतरचे लेखन सुचविते.

परमोत्कर्ष : एप्रिल १९६९ मधील ‘मॅन ऑफ द वर्ल्ड’ हे गीत वरकरणी सुखवस्तू भासणाऱ्या माणसाच्या आंतरिक रितेपणाविषयी आहे. ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘ओ वेल’ या दोन भागांच्या रचनेनेही तेच स्थान मिळविले. तिचा पहिला भाग जलद व आक्रमक असून दुसरा भाग अभिजात गिटार, चेलो व रेकॉर्डर (एक प्रकारची बासरी) यांच्या साहाय्याने उभा केलेला, जवळजवळ प्रार्थनेसारखा आहे. त्याच महिन्यातील ‘देन प्ले ऑन’ या ध्वनिमुद्रिकेत ग्रीनने अर्ध्याच्या आसपास जागा कर्वनच्या रचनांना दिली. स्पेन्सरचा सहभाग नाममात्र होता. बारा विभागांची ठराविक चौकट येथे मागे पडलेली दिसते. ब्लूजचा आशय मात्र सुटलेला नाही.

ग्रीनचे प्रस्थान : यश वाढत असतानाच ग्रीनची अस्वस्थता वाढत गेली. नायजेरियातील बियाफ्रा येथील दुष्काळग्रस्त बालकांची दूरचित्रवाणीवरील दृश्ये पाहून तो व्यथित झाला होता. वाद्यवृंदाने निर्वाहापुरते ठेवून उर्वरित मिळकत दान करावी, असा प्रस्ताव त्याने सहकाऱ्यांपुढे मांडला. तो त्यांना मानवला नाही. मार्च १९७० मध्ये जर्मनीच्या दौऱ्यात म्यूनिक येथील एका समूहनिवासात त्याने एलएसडी या विभ्रमकारी द्रव्याचे सेवन केले. तेथून परतलेला ग्रीन पूर्वीचा राहिला नव्हता, असे त्याच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. मे १९७० मध्ये त्याने वाद्यवृंद सोडला. त्याच महिन्यात प्रकाशित झालेले ‘द ग्रीन मॅनालिशी’ हे गीत संपत्तीच्या भीतीचे एका रात्रिंचर आकृतीच्या रूपाने केलेले चित्रण असून ते वाद्यवृंदासाठी त्याने लिहिलेले अखेरचे गाजलेले गीत ठरले.

ग्रीनला पुढे छिन्नमनस्कता या मनोविकाराचे निदान झाले. म्यूनिकच्या त्या एका रात्रीने हा विकार उत्पन्न केला, असे विधान वारंवार करण्यात येते. घटनांचा क्रम पाहता ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. ‘मॅन ऑफ द वर्ल्ड’ म्यूनिकच्या जवळजवळ वर्षभर आधीचे आहे व धनत्यागाचा विचारही जुनाच होता. विभ्रमकारी द्रव्ये मूळचा कल असलेल्या व्यक्तीत विकारास चालना देऊ शकतात, हे वैद्यकास मान्य आहे. परंतु संपूर्ण आयुष्याचा उलगडा एका प्रसंगातून करणे सोयीचे असले तरी शास्त्रीय नव्हे. तसेच त्याच्या संपत्तीविषयक भूमिकेला केवळ विकाराचे लक्षण मानणेही अन्यायाचे होईल. भूक पाहून व्यथित होणे हे वेडाचे लक्षण नाही. विकार व विवेक ही दोन्ही एकाच व्यक्तीत एकाच काळी नांदत होती आणि त्यांतील सीमारेषा त्याच्या निकटवर्तीयांनाही आखता आली नाही.

स्पेन्सरचे प्रस्थान : ग्रीनच्या पश्चात उरलेल्यांनी ‘किल्न हाउस’ (१९७०) ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. क्रिस्टीन मॅकव्ही याच सुमारास वाद्यवृंदाची रीतसर सदस्य झाली. फेब्रुवारी १९७१ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात लॉस अँजेल्स येथे मुक्काम असताना स्पेन्सर पुस्तकांच्या दुकानात जाऊन येतो असे सांगून बाहेर पडला, तो परतलाच नाही. कार्यक्रम रद्द करावा लागला व पोलिसांची मदत घेण्यात आली. काही दिवसांनी तो ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ या धार्मिक पंथाच्या वसतिस्थानी आढळला. आपण स्वेच्छेने पंथ स्वीकारला असून परतण्याची इच्छा नाही, असे त्याने सांगितले व पुढेही त्याच भूमिकेवर तो कायम राहिला. हा पंथ नंतरच्या काळात अत्यंत वादग्रस्त ठरला. दौरा अर्धवट राहू नये म्हणून सहकाऱ्यांनी ग्रीनला पाचारण केले. तो आला, उरलेले कार्यक्रम बव्हंशी उत्स्फूर्त वादनाने पार पाडले आणि पुन्हा निघून गेला.

कर्वनचे प्रस्थान : एप्रिल १९७१ मध्ये बॉब वेल्च हा कॅलिफोर्नियातील गिटारवादक वाद्यवृंदात आला. एकविशीच्या आतच कर्वनवर प्रमुख वादकाची जबाबदारी येऊन पडली होती. ‘फ्यूचर गेम्स’ (१९७१) व ‘बेअर ट्रीज’ (१९७२) या ध्वनिमुद्रिकांतील त्याच्या रचना हळुवार व सुरेल आहेत. ‘ड्रॅगनफ्लाय’ या गीतासाठी त्याने डब्ल्यू. एच. डेव्हिस या वेल्श कवीची कविता घेतली होती. वादनात सफाई येत गेली, तसा तो माणसांपासून तुटत गेला व मद्यपान वाढले. ऑगस्ट १९७२ मध्ये अमेरिकेतील एका कार्यक्रमापूर्वी वाद्य जुळविण्यावरून वाद होऊन त्याने आपली गिटार आपटून फोडली व रंगमंचावर जाण्यास नकार दिला. इतरांनी त्याच्यावाचून कार्यक्रम केला. त्यानंतर फ्लीटवुडने त्याला वाद्यवृंदातून काढून टाकले. वाद्यवृंदातून कोणास बडतर्फ करण्याचा हा कठोर निर्णय घेताना फ्लीटवुडला यातना झाल्या, तरी त्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. ग्रीनने निर्माण केलेल्या गिटारप्रधान ब्लूज कालखंडाचा शेवट येथे झाला.

स्थित्यंतर : १९७२ ते १९७४ हा काळ अस्थिरतेचा होता. बॉब वेस्टन हा गिटारवादक आला व वर्षभरातच गेला. १९७४ मध्ये वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकाने नावावर हक्क सांगून सर्वस्वी निराळ्या वादकांचा एक गट त्याच नावाने अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठविला व प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबर १९७४ मध्ये वेल्चही बाहेर पडला. त्याच्या जागी लिंझी बकिंगहॅम हा कॅलिफोर्नियातील गिटारवादक व त्याची सहकारी गायिका स्टीव्ही निक्स हे दोघे आले. ‘फ्लीटवुड मॅक’ (१९७५) व ‘रूमर्स’ (१९७७) या ध्वनिमुद्रिकांनी नवा इतिहास घडविला. ‘रूमर्स’च्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या व तिला ग्रॅमी पारितोषिक लाभले. या संगीतात ब्लूजचा अंश क्षीण असला, तरी फ्लीटवुड व मॅकव्ही यांची संयत, भक्कम लय ही त्या जुन्या शिक्षणाचीच देणगी होती.

उत्तरायुष्य : तिघांचे पुढील जीवनक्रम भिन्न झाले. ग्रीनने आपली वाद्ये देऊन वा विकून टाकली, काही काळ रुग्णालयातील हमाल व दफनभूमीतील खोदणारा अशी कामे केली. सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्याच्यावर मनोरुग्णालयात विद्युत् आघात चिकित्सेसह उपचार झाले. १९७७ मध्ये आपल्या हिशेबनिसाला धमकाविल्यावरून त्यास अटक झाली. या वादाचे मूळ ग्रीनला नकोशा वाटणाऱ्या मानधनात होते, असे सांगितले जाते. ‘इन द स्काइज’ (१९७९) या ध्वनिमुद्रिकेने तो पुन्हा संगीताकडे वळला; नव्वदच्या दशकात ‘स्प्लिंटर ग्रुप’ या वाद्यवृंदासह त्याने कार्यक्रमही केले. २५ जुलै २०२० रोजी झोपेतच त्याचे निधन झाले.

कर्वनने १९७५ ते १९७९ या काळात तीन स्वतंत्र ध्वनिमुद्रिका केल्या. त्यानंतर तो संगीतातून नाहीसा झाला. मानसिक अस्वास्थ्य व मद्यासक्ती यांमुळे त्याची पुढील अनेक वर्षे लंडनमधील निराधारांच्या वसतिगृहांत गेली. १९९८ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने वाद्यवृंदाचा गौरव केला, त्यात या तिघांचाही समावेश होता. ग्रीनने त्या प्रसंगी सँटानासमवेत ‘ब्लॅक मॅजिक वूमन’ वाजविले. कर्वन उपस्थित नव्हता. २०१८ मध्ये त्याचे निधन झाले. स्पेन्सरने पंथाच्या कार्यात आयुष्य व्यतीत केले. तथापि वादन सोडले नाही. त्याची ‘प्रेशस लिटल’ (२००६) ही ध्वनिमुद्रिका ब्लूजकडे परतल्याची निदर्शक आहे. २५ फेब्रुवारी २०२० रोजी फ्लीटवुडने लंडनच्या पॅलेडियम रंगमंदिरात ग्रीनच्या सन्मानार्थ मैफल आयोजित केली, तीत स्पेन्सरही सहभागी झाला. ग्रीनची जुनी गिटार सत्तरच्या दशकात गॅरी मूर या आयरिश वादकाकडे गेली होती. पुढे २०१४ मध्ये ती मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या कर्क हॅमेटने घेतली व या मैफलीत तिचे स्वर पुन्हा ‘ग्रीन मॅनालिशी’साठी उमटले.

भारतीय संदर्भ : साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई, कोलकाता, चेन्नई इ. शहरांत पाश्चात्त्य धर्तीचे गिटारप्रधान वाद्यवृंद उदयास आले. ‘सिमला बीट’ या स्पर्धेतील निवडक वाद्यवृंदांच्या १९७० व १९७१ मधील ध्वनिमुद्रिका त्या पिढीची साक्ष देतात. विदेशी ध्वनिमुद्रिकांची विक्री व मैफलींच्या जागा मुख्यत्वे दक्षिण मुंबईत एकवटलेल्या होत्या. काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’ हे दुकान (२०१६ मध्ये बंद) व धोबीतलावाजवळील रंगभवन हे खुले नाट्यगृह ही त्यांची प्रमुख ठिकाणे होत. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील रसिकांना या संगीतासाठी लोकलगाडीने तेथवर जावे लागे. पुढे ध्वनिफितींमुळे हे अंतर कमी झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ‘महिंद्र ब्लूज महोत्सव’ सुरू झाला. त्याच्या पहिल्याच वर्षी बडी गाय याचे वादन झाले. १९६९ च्या शिकागोतील ध्वनिमुद्रणात ‘गिटार बडी’ या नावाने सहभागी झालेला कलावंत तो हाच. ग्रीन, स्पेन्सर व कर्वन ज्या परंपरेपुढे नतमस्तक झाले, तिचा एक दुवा अशा रीतीने महाराष्ट्रातील श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकावयास मिळाला.

मूल्यमापन : तीन गिटारवादकांच्या प्रस्थानाची तुलना अनेकदा ‘शापित वाद्यवृंद’ अशा अद्भुत भाषेत केली जाते. वस्तुतः त्यामागील कारणे मानवी व समजण्याजोगी आहेत. विशीतील तरुणांवर अकस्मात आलेली कीर्ती, अखंड दौरे, मद्य व मादक द्रव्यांची सहज उपलब्धता आणि मानसिक आजाराविषयीचे तत्कालीन अज्ञान या सर्वांचा तो परिपाक होता. आजारी सहकाऱ्यास विश्रांती व उपचार देण्यापेक्षा पुढील कार्यक्रम पार पाडणे हेच त्या व्यवसायात कर्तव्य समजले जाई. दुःखाशिवाय ब्लूज वाजविता येत नाही, हा समजही येथे घातक ठरला. कारण त्यामुळे वादकाच्या यातनांचे निदान होण्याऐवजी त्यांचे कौतुक झाले. ग्रीनने आपले उत्कृष्ट संगीत आजारामुळे नव्हे, तर आजार बळावण्यापूर्वी, साधनेच्या बळावर निर्माण केले, ही वस्तुस्थिती त्या समजाचे खंडन करते. आपल्या वाद्यवृंदाला स्वतःचे नाव न देता त्याने साथीदारांचे नाव दिले. म्हणूनच त्याच्या जाण्यानंतरही वाद्यवृंद टिकला. ज्याने तो स्थापिला त्याचे नाव मात्र ‘रूमर्स’च्या लक्षावधी श्रोत्यांना परिचित नाही. ‘अल्बट्रॉस’चे स्वर ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना त्याची निराळी ओळख करून देण्याची आवश्यकता भासत नाही.